आईचं 'ता'

३ फेब्रुवारी १९६४, लिव्हरपूल

आईला झटका येऊन पंधरा दिवस झाले. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं – आणि इंग्रजी गेलं! चाळीस वर्षं या गल्लीत घासूनपुसून बोललेलं इंग्रजी. आता येतं ते निव्वळ माहेरचं आयरिश. बोलते, बोलते, आणि मी ठोंब्यासारखी समोर बसते. आपलं बोलणं तिला समजतं, म्हणाले डॉक्टर. समजत नाही ते मला.

कसं समजणार? शिकू दिलं कोणी?

५ फेब्रुवारी

सात वर्षांची होते. आईची चुलतबहीण, नेली मावशी, आयर्लंडमधल्या डोनेगलहून आली होती. तिने मला दोन आयरिश शब्द शिकवले. मी जेवताना मोठ्या तोऱ्यात म्हणून दाखवले, तर आईने फाडकन मुस्काटात दिली. "धुराचा वास येतो त्या भाषेला. पोट भरतं का तिने?" मावशीलाही सुनावलं, या घरात तसलं बोलणं चालणार नाही. मावशी दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेली ती गेलीच.

भोग आता, आई. पेरलंस ते उगवलं. – लिहिलं खरं. खोडणार नाही.

८ फेब्रुवारी

डोरीन नर्स रोज सकाळी येते. पडताना आईचा खुबाही मोडला, पण या वयात कापाकापी नको म्हणतात. डोरीन खुब्यावर हात ठेवून विचारते, "इथे कळ आहे का, आजी?"

आई म्हणते, "ता."

डोरीन खूश. बाकीचे म्हातारे अंगावर ओरडतात, ही आपली आभार मानते! सगळं इंग्रजी गेलं आणि हे एवढं राहिलं. इथे थँक यूला ता म्हणतात, दूधवालासुद्धा येताजाता म्हणतो, तेच. लोकांपुढे वाकायचं तेवढं विसरली नाही बाई.

डॉक्टरांनी जालीम औषधाची बाटली ठेवलीय. कळ असेल तरच द्यायची, त्याने श्वास मंदावतो. तोंड वाकडं, त्यामुळे चेहऱ्यावरून काही ओळखू येत नाही. द्यायचं का, असं डोरीनने मला विचारलं. मी नको म्हटलं. दुखत असतं तर आभार कशाला मानले असते?

११ फेब्रुवारी

चादरी धुतल्या. दोनदा.

१४ फेब्रुवारी

आज भरवता भरवता तोंडून निघून गेलं. तिच्यासाठी बिस्किटांच्या कारखान्यातली नोकरी सोडली, लग्न तर त्याच्याही आधी सोडलं होतं. म्हटलं, "आई, माझ्यावर माया आहे का गं तुझी? एकदा तरी सांग."

तिने तोंडातला घास गिळला. मग – "ता."

आभार! पोटच्या पोरीला, दूधवाल्याला म्हणावं तसं! वाटी आपटून उठले. संध्याकाळपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

१९ फेब्रुवारी

आई सकाळी गेली. डोरीन रडली, मी नाही. नेली मावशीला तार केली.

२२ फेब्रुवारी

मावशी आली. पार वाकलीय. मातीहून आल्यावर चहा घेत बसलो, तेव्हा मीच कुजकटपणे म्हटलं, तुझी बहीण शेवटपर्यंत आभार मानत होती हो, ता, ता करत.

मावशीने कप खाली ठेवला. कशावर म्हणत होती, असं विचारलं. मी खुब्याचं सांगितलं.

"अगं, आमच्या भाषेत 'हो' असा शब्दच नाही," ती म्हणाली. "आहे का विचारलं, तर आहे म्हणायचं. ता म्हणजे आहे."

दुसरा प्रश्न मी तिला सांगितला नाही.

२३ फेब्रुवारी

कळ आहे का? आहे.

माया आहे का? आहे.

बाटलीचं बूच अजून काढलेलं नाही.