आईनं मांडलेलं ताट

थुवाल

तीर्थरूप बाबांना ज्ञानेशचा नमस्कार.

मी बरा आहे. इथे वाळवंटात भर दुपारी उन्हातलं काम बंद असतं, काळजी नको. तुमचा गुडघा कसा आहे?

कामावर आमच्यात वेई नावाचा चिनी वेल्डर आहे. त्यांच्याकडच्या चालीरीतींचे तो प्रकार सांगतो: सणाच्या, लग्नाच्या, बाळंतपणाच्या, मेलेल्यांच्या. नवीन वर्षाच्या जेवणाला त्याची आई त्याच्या नावाचा रिकामा वाडगा मांडते. मी म्हटलं, ही मेलेल्यांचीच रीत. तो चिडलाच. "परत येणाऱ्यांची," म्हणाला.

आपल्या किशोरीनं फोनवर सांगितलं, मी नसतानाही आई माझं ताट मांडते आणि तुम्ही अशुभ म्हणून ते उचलायला लावता. उचलू नका, बाबा. गणपतीची सुट्टी पुढे गेली, एवढंच. मी जेवायला येणारच आहे.

तुमचा
ज्ञानेश