सुचेताचा पंप

ती. वैजयंतीआत्यांस,

वरदाचा वाकून नमस्कार. लेस्टरच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? आम्ही दोघे सुखरूप असून घर आता ऊबदार आहे. ती ऊब कशी लाभली, हे फोनवर सांगणे मला जमले नसते (माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच समोरची व्यक्ती 'हॅलो, आहेस ना?' असे विचारते), म्हणून हे पत्र.

कॉव्हेंट्रीबाहेरच्या आमच्या खेड्यात गॅसची लाइन नाही, हे तुम्ही जाणताच. अंगणाच्या टोकाला लाकडावर चालणारा बॉयलर आहे. त्याचे गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरातल्या रेडिएटरांत फिरते आणि परत जाते. ते फिरवणारा पंप ऐन जानेवारीत जळाला. नवा कोणता घ्यावा, हे विचारण्यासाठी तुमच्या भाच्याने घरातल्या बायकोला ओलांडून थेट रीडिंगला व्हिडिओ कॉल लावला. तिथे त्याची कॉलेजातली मैत्रीण, इंजिनियर सुचेता. (तिच्या ड्रेसला खिसे असतात. शिवाय ती बोलू लागली की श्रीनिवास हसतो, विनोद होण्याच्या आधीच.)

"दुमजली घर ना? मग सगळ्यात पॉवरफुल घे रे, पाणी वर चढवायचंय!"

"बघ वरदा, एका मिनिटात सॉल्व्ह केलं हिनं!"

आत्या, बंद चक्रात उंचीचा प्रश्नच नसतो. खाली उतरणारे पाणी वर चढणाऱ्याचा भार तोलते. पंपाला झुंजायचे असते ते केवळ नळांतल्या घर्षणाशी. मराठी माध्यमातून शिकलेले भौतिकशास्त्र कॉव्हेंट्रीतही तेच असते, आणि त्या विषयात मी शाळेत पहिली होते. हे सारे मी तिथल्या तिथे सांगायला हवे होते. मी चहा टाकला.

तो महाबली पंप आला. रेडिएटर कुकरसारखे शिट्ट्या मारू लागले. झोपायच्या खोलीत असा खळाळ, की आम्ही ओढ्यातच संसार थाटला आहे असे वाटावे. श्रीनिवास कानांत कापूस घालून "पॉवर आहे!" म्हणत राहिला. शेवटी तो ऑफिसला गेल्यावर मी पंपावरची वेगाची कळ तिसऱ्या खुणेवरून पहिलीवर आणली. घर शांत झाले, ऊब तशीच राहिली. संध्याकाळी त्याने दारातच कान टवकारले, कापूस काढला आणि हर्षभराने फोन लावला.

"सुचेता, तुझा पंप सेट झाला बघ! जीनियस आहेस!"

मी पुन्हा चहा टाकला.

गुडघ्याला जपावे.

तुमची,
वरदा

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. तुम्ही श्रीनिवासला सहज फोन करून 'पंपाचा वेग कोणी कमी केला रे?' एवढेच विचाराल का? मी सांगितले तर ती बढाई ठरेल, आणि न सांगितले तर मी बॉयलरआधी उकळेन.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच सुचेताचा निरोप आला : "ए वरदा, क्लोज्ड लूपमध्ये हाइट मोजतच नाहीत, मूर्ख मी! स्पीड तूच कमी केलास ना? श्रीला सुचणं शक्य नाही. थांब, संध्याकाळी सांगतेच त्याला." (श्री! मी त्याला अद्याप 'श्री' म्हटलेले नाही.) इतक्या मोकळ्या मनाच्या बाईचा हेवा करणे फार कष्टाचे आहे, मी करीत आहे. तेव्हा पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडते. फोन कृपया तिच्या आधी करावा. नाहीतर मला शोधून काढल्याचे श्रेयही तिलाच जायचे.