काळ्या बनातीचा कोट

१२ जून १९०९, देवास

आधी सगळ्यांची प्रकृती. जानकी? — सूनबाईचा खोकला उतरला, काल आल्याचा रस दिला. भास्कर? — नातू ठणठणीत. मॅट्रिक पास झाल्यापासून दोन भाकऱ्या जास्त खातो. दुर्गा? — धारच्या गाडीवानाबरोबर लेकीचा निरोप आला, गुडघा सुजलाय पण हिंडते-फिरते. शेजारचे हुसेन भिया? — रंगाच्या कढईनं हात पोळला होता, आता नवी कातडी आली. आणि माझे डोळे? — छान आहेत असं सगळ्यांना सांगतो.

वही, तुला खरं सांगतो. टेकडी दिसेनाशी झाली. माताजीची टेकडी! एवढी थोरली! सकाळी दारात उभा राहून हात जोडतो ते नुसत्या धुरकटाला.

लिहिता येतं अजून. हाताला वाट ठाऊक आहे. लिहिलेलं वाचता येत नाही — ते एक बरंच.

१४ जून

भास्कर इंदूरच्या कॉलेजात जायचा. पंधरा दिवस राहिले. वाड्यातल्या बापूसाहेबांचा मुलगा श्रीपाद वर्षभर तिथेच आहे, त्याच्या शेजारच्या खोलीत राहायची सोय झाली. आम्हा शिंप्यांच्या घरात आजवर कुणी चौथं बुक ओलांडलं नाही. मी अक्षरं शिकलो ती गिऱ्हाइकांच्या कापडाला लावलेल्या चिठ्ठ्यांवरून.

जेवताना म्हणाला, "अण्णा, तुमच्यानं दुकान रेटेल ना? खरं सांगा. नाहीतर मी जात नाही. कात्री मलाही येते."

"तुला येते ती कात्री? चोळीचा गळा कापलास तो जात्याच्या तोंडाएवढा!"

जानकी हसली. तो हसला नाही. "रेटेल ना?" — पुन्हा तेच.

"दहा वर्षं रेटीन. तू जा."

आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. खोटं बोललं की भूक लागल्यासारखं दाखवावं लागतं.

१५ जून

आज पोरानं माझी परीक्षा घेतली! दुकानात आला, सुई पुढे केली. म्हणे, "अण्णा, एवढी ओवून द्या बरं."

मी कच्च्या गुरूचा चेला नव्हे. सकाळी जानकीकडून दहा सुया ओवून घेतो — तिला सांगतो, तेवढाच माझा वेळ वाचतो — आणि टोपीच्या अस्तरात टोचून ठेवतो. उजेडाकडे वळल्यासारखं केलं, दोरा ओठात ओला केला, डोकं खाजवलं, आणि टोपीतली ओवलेली सुई त्याच्या हातावर ठेवली. "घे!"

माझी टोपी सरळ करून म्हणाला, "झकास."

फसला! हसू आलं, आणि मग एकदम रडू. गिऱ्हाईक आलं म्हणून आवरलं.

१७ जून

श्रीपादची चिठ्ठी आली, काय काय कपडे आणायचे त्याची. भास्करनं वाचून दाखवली. धोतरजोड्या तीन. सदरे चार. टोपी काळी. कोट एक, काळा, गळ्यापर्यंत बटणांचा. घोंगडी. "बाराबंदी मुळीच आणू नये, मुलं हसतात."

बाराबंदीला हसतात! देवासच्या दोन्ही गाद्यांचे, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे, मानकरी माझ्या हातच्या बाराबंद्या घालून बसले, तेव्हा कुणी हसलं नाही.

"श्रीपादला म्हणावं, बंद बांधायला अक्कल लागते, बटणाला लागत नाही."

"अण्णा, त्याचं काय चुकलं? तिथली रीत ती."

"मी कुठं नाही म्हणतो? कोट तर कोट. पण शिवीन मी."

जानकीच्या हातातली परात वाजली.

१८ जून

पेटी उघडली. काय न्यायचं, काय ठेवायचं. जानकी एकेक घडी माझ्या हातात देते, मी हात फिरवतो. हे धोतर काठाशी विरलंय — नको. हा सदरा बगलेत घट्ट — नको. हा जाडाभरडा, थंडीला बरा — घाल.

बापाचं एखादं वस्त्र पोराबरोबर जावं असं मनात होतं. पण माझा गणपत सहा वर्षांमागे प्लेगाच्या साली गेला तेव्हा त्याचं अंथरूण, धोतरं, सदरे, सगळं अंगणात जाळलं. टोपीसुद्धा. मी शिवलेलं होतं सगळं. जळताना कापूस आणि लोकर वेगवेगळे वास देतात. मला डोळे मिटून सांगता येत होतं, आता कोट पेटला, आता अस्तर.

जानकी तेवढ्यात म्हणाली, "मामंजी, बनातीचं बोचकं तळाशी आहे ना?"

आहे! धारच्या सरदारांच्या घरच्या लग्नात सगळं शिवण माझ्याकडे होतं. वीस वर्षं झाली. उरलेली काळी बनात, चांगलं लोकरी कापड, बिदागी म्हणून दिली. दोन तुकडे, एक मोठा, एक हातभर. कसर लागलेली नाही. बोटाला अजून मांजरीच्या पिल्लासारखी लागते.

२१ जून

कोट कापला. कापताना भास्करला आणि जानकीला बाहेर काढलं, म्हटलं लक्ष विचलित होतं. खडूची रेघ दिसत नाही म्हणून कडेनं टाचण्या लावल्या आणि बोटानं चाचपत कात्री चालवली. पाठ, पुढचे दोन पाखे आणि डावी बाही मोठ्या तुकड्यातून निघाली. उजवी बाही लहान तुकड्यातून. कापडाची लव दोन्हीकडे एका दिशेला राखली. डोळसाला जमणार नाही इतकी नीट!

सकाळपासून जेवलोसुद्धा नाही.

२४ जून

कोट झाला.

भास्करला घातला. अंगणात उन्हात उभा केला, मी पाठीवरून हात फिरवला. कुठे सुरकुती नाही. वाट बघत राहिलो.

काही नाही. कुणी हूं नाही की चूं नाही.

मग जानकी म्हणाली, "मामंजी, खांदा सुरेख बसलाय."

खांदाच तेवढा?

भास्कर म्हणाला, "छान आहे, अण्णा." आणि काढलासुद्धा.

हुसेन भिया कुंपणापलीकडून बघत होते. "अण्णा, यो कपडो एकज थान को है कई?"

"तागा एकच असणार! एकाच लग्नातलं, एकाच बोचक्यातलं, भिया!"

"अच्छा… तो ठीक."

रंगारी माणूस. दुसऱ्याच्या कापडात खोट काढल्याशिवाय त्याला पाणी गोड लागत नाही.

२५ जून

कोट पेटीत घातला होता. दुपारी हात घातला तर नाही. खुंटीवर सापडला. पुन्हा पेटीत घातला.

२६ जून

पुन्हा खुंटीवर!

आज मात्र बोललो. "कोट पेटीतून कोण काढतं?"

"मी," भास्कर म्हणाला. "राहू दे ना अण्णा. पावसाळा आहे, बनात भिजली तर वाया जाईल. सदऱ्यावर भागेल माझं."

"श्रीपादनं लिहिलंय ना, कोट हवा?"

"तिथे घेईन एखादा."

तिथे घेईन! लागलं मला. म्हटलं, "कळलं. शिंप्याच्या नातवाला शिंप्यानं शिवलेलं अंगावर नको. बापूसाहेबांच्या पोरात बसायचं, मग म्हाताऱ्याचे टाके कशाला!"

पोरगं म्हणालं, "अण्णा, तसं नाही हो—"

पुढे जानकीचा आवाज आला. गणपत गेल्यापासून सहा वर्षांत इतका चढलेला ऐकला नव्हता. "भास्कर! कोट पेटीत जाईल. आणि निघताना अंगात असेल. मुकाट्यानं!"

तो बाहेर निघून गेला. मी चूल विझेपर्यंत तिथेच बसून होतो. आपणच वाढवलेल्या रोपानं आपल्याच सावलीला कंटाळावं! पण त्याचंही खरं. मोठ्या जागी जाणार, तिथे आजोबाचा हात किती दिवस अंगावर वागवणार?

२७ जून

सदरे चार, धोतरं तीन जोड्या, घोंगडी, टोपी. कोट वर. बाराबंदी मी गुपचूप तळाशी घातली. हसतील तर हसोत, घोंगडीखाली घालून निजेल.

२९ जून

गेला.

टांगा दाराशी आला. कोट अंगात होता. पाया पडला तेव्हा मी बाही धरली, सोडवेना. गल्ली गोळा झाली होती. भवानीबाई म्हणाल्या, "अगं बाई, हा कोट असा काय—"

जानकी मध्येच, "भवानीबाई, पोराच्या हातावर दही घाला बघू, तुमचा हात चांगला!"

दर वेळी कुणी गावाला निघालं की एवढी कलकल असते, आज कसली शांतता! हुसेन भियांनी भास्करच्या पाठीवर थाप मारली. "जा बेटा, शान से जा."

टांगा कुठवर गेला ते चाकांच्या आवाजावरून कळत होतं. रस्ता ओलांडून थोरल्या पातीच्या हद्दीत शिरला, मग ऐकू येईना.

३० जून

दोन भाकऱ्या उरल्या.

६ जुलै

पत्र नाही. दुकानात आज नवं परकराचं शिवण आलं. जानकी हल्ली दुपारी दुकानात येऊन बसते. म्हणते घर खायला उठतं. बसू दे बापडी.

९ जुलै

पत्र नाही.

१३ जुलै

पत्र आलं!

टपालवाल्यानं हातात ठेवलं. जानकी हात पुसत पुढ्यात बसली. "वाचा ना, मामंजी." घरात वाचणारे दोघेच, एक इंदुरात, दुसरा मी.

कागद उलगडला. पांढऱ्यावर मुंग्यांची रांग. तीही पुसट.

काय करणार! वाचलं. "तीर्थरूप अण्णांस आणि आईस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. कॉलेजात नाव घातलं. वरण पातळ असतं पण पोट भरतं. कोट सगळ्यांना फार आवडला, मास्तर विचारत होते कुणी शिवला." इथे जरा थांबलो, उगीच पान उलटल्यासारखं केलं. "मी सांगितलं, माझ्या आजोबांनी."

जानकी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं झालं." आणि उठून गेली.

इतकं गोड पत्र मी आयुष्यात वाचलं नव्हतं. आणि त्यातलं अक्षरही खरं नसेल तर?

१४ जुलै

शाळेतल्या नारायणराव मास्तरांकडे गेलो. म्हटलं, मास्तर, चष्मा घरी विसरलो. मला चष्मा नाही हे त्यांना ठाऊक आहे. वाचायला लागले, दोनदा थांबले. आठवतं तसं लिहून ठेवतो.

"अण्णा, हे पत्र तुम्हांला वाचता येणार नाही, मास्तरांकडे न्याल, म्हणून त्यांनाही नमस्कार. कोटाची उजवी बाही हिरवी आहे. गडद हिरवी, पण उन्हात कुणालाही दिसते. ज्या दिवशी मला अंगणात उभं केलंत त्याच दिवशी मी पाहिली. टोपीतली सुईही पाहिली. आईनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली — बोललास तर तुझं कॉलेज जाईल, आणि त्यांचा धीर जाईल. गेलं वर्षभर तुमच्या मागे ती तुमचे टाके उसवून पुन्हा घालते आहे. गिऱ्हाइकं टिकली ती त्यामुळे. इथे पोरं हसली, त्याचं मला काही नाही. बनातीची चूक मला लागली नाही. तुम्ही काय कापता आहात ते तुम्हांला दिसत नव्हतं, ते लागलं. मी नाव घातलेलं नाही. मुदत महिनाअखेरची आहे, पण मी या आठवड्यात परत येतो. दुकान मी बघेन. रागावू नका. लवकर लिहा."

मास्तरांनी पत्र घडी करून माझ्या खिशात घातलं. चांगला माणूस.

घरी आलो. जानकी अंगणात होती. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं, मी काल काहीच वाचलं नाही?"

"हो, मामंजी."

"मग ऐकत कशाला बसलीस?"

म्हणाली, "तुम्ही वाचलेलं पत्र मला जास्त आवडलं."

हिरवी बाही! त्या लग्नात हिरवी बनातही होती, साफ विसरलो. सगळी गल्ली बघत होती. भवानीबाई, भिया, सगळे. मी मेला त्या पोरालाच बोललो, शिंप्याचं नको म्हणून! आणि तो ती बाही घालून, मान वर करून, सगळ्यांच्या मधून टांग्यात बसला.

१५ जुलै

दुकानाची किल्ली सकाळीच मालकाला देऊन आलो. कात्री, गज, इस्त्री जानकीच्या पुढ्यात ठेवली. ती ओटीवर बसून शिवेल, उघड. मग मास्तरांना सांगितलं, लिहा —

चिरंजीव भास्कर, दुकान उठवलं. परत आलास तर बसायला जागा नाही. माझे डोळे गेले हे खरं. तुझी आई माझ्यापेक्षा सरळ शिवते हेही खरं. उद्याच्या उद्या जा आणि नाव घाल. कोट नको वाटला तर घालू नकोस. नाव घातलंस की लगेच पत्र लिही, बाळा. इथे ते खरं खरं वाचून दाखवणारे मास्तर आहेत.