यांगचेनचा ओटा

मी, कुसुमावती शालिकराम धकाते, वय चौपन्न, शिक्षण चौथी, राहणार तांडापेठ, नागपूर, डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. जबरदस्ती कोणी केलेली नाही, करून पाहावी. पुढच्या आठवड्यात गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधं आहे. साधं आहे तर माझी सही काहून घेतली, हे सांगत नाहीत. वकिलाचा मसुदा मला कळला नाही, म्हणून माझ्या शब्दांत लिहिते.

१. राहतं घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते मुलगा अभिजीत आणि सून दीप्ती यांचं सारखं व्हावं. एकट्या अभिजीतचं नाही. कारण पुढे येईल.

२. सोन्याची पोत दीप्तीला. नवऱ्याचा हातमागही तिलाच. ठेवो की विको. दीर धोंडबा यांना काही नाही. वाटणीच्या वेळी ते माग नेणार होते, पण उचलला गेला नाही, म्हणून राहिला. त्यांनी माझ्या तेरवीला पोटभर जेवावं, भाषण करू नये.

३. रस्त्याकडचा ओटा आणि मागची खोली. दिवाळी झाली की यांगचेन तिथे स्वेटरं विकायला येते, होळीच्या आत जाते. उरलेला माल डांबरगोळ्या घालून माझ्या माळ्यावर राहतो. ती तिबेटी आहे. जन्म गोठणगावजवळच्या तिबेटी वस्तीतला, म्हणजे इथून बसने जाता येतं, तरी कागदावर परदेशी. हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या वर्षीच मी तिला विचारलं, "काहून वं, तुह्या देशात बरफ पडते, अन् तू नागपुरात स्वेटर विकून राहिली?"

ती म्हणाली, "बरफ म्या फ्रिजातच पाहिला, बाई."

तेव्हापासून मी तिला विचारतच असते. चहात मीठ काहून टाकता? ते प्रार्थनेचं चाक उलटं फिरवलं तर काय होते? वस्तीत आंब्याचं एकही जुनं झाड कसं नाही? तर म्हणे, "बाप लावू देत नव्हता. फळ धरेपर्यंत आपण परत जाऊ, म्हणे."

"मंग?"

"मंग काय, शेजारच्या गावचे चोरून खाल्ले."

देश पाहिलाच नाही, तर आठवण कशाची येते, हेही विचारलं. तिने स्वेटरच्या दोन घड्या घातल्या. मग म्हणाली, "आई रडे, त्याची."

४. ती आपल्या घरी उतरली आहे, असं घरमालकाने दरवर्षी पोलीस ठाण्यात सही करून कळवावं लागतं. सही नाही तर राहणं नाही. राहणं नाही तर तिचा धंदा गेला, आणि तिचं घर वर्षभर याच धंद्यावर चालतं. सही मी करते. अभिजीत म्हणतो, "आई, परदेशी माणसाचं लफडं कशाले? शटर लावू, मोबाइलवाल्याले देऊ." मी गेले की दुसऱ्याच दिवशी शटर लागेल. पोटचा आहे, ओळखते त्याला.

म्हणून ओटा यांगचेनच्या नावे करते म्हटलं, तर तीच चिडली. "मालकी नको मले. वस्तीतले लोक म्हणतील, आता ही काही परत जात नाही."

"मंग काय पायजे तुले?"

"दरसाली विचारा लागते, बाई, यंदा बसू का? तेवढं विचारणं बंद कर."

५. म्हणून अट घालते. घर दोघांचं, पण यांगचेन येत राहील तोवर दर थंडीत ओटा आणि खोली तिची. ठाण्यातली सही घरमालकीण म्हणून दीप्तीने करावी. ती तयार आहे, म्हणाली, "करीन, पण यांना तुम्हीच सांगा." अभिजीत, सांगितलं. यांगचेनला परवानगी मागायला लावू नये. "यंदा किती दिवस?" असं या घरात तिला कोणी विचारू नये.

मलाही एक विचारायचं राहिलं आहे: उद्या तिबेटचा रस्ता उघडला, तर ती जाईल का? हे "किती दिवस" मध्येच मोडतं की वेगळं, माझं मलाच ठरवता येत नाही. आज संध्याकाळी तिने दुकान आवरलं की आधी, हे विचारलेलं चालेल का, तेच विचारते, आणि मग हा प्रश्न.

वरचं सगळं साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं, मग सही केली. यांगचेनचं नाव आत आहे, म्हणून वकिलाने तिला साक्षीदार होऊ दिलं नाही. ती बाहेर गिऱ्हाइकाशी भांडून राहिली आहे.

सही: कुसुमावती शालिकराम धकाते

साक्षीदार:
ताराचंद निनावे, शेजारी
इंदूबाई पराते, भिशीतली मैत्रीण

तांडापेठ, नागपूर
१९ जानेवारी २०२६