वळणावरची पांढरी चादर

मी, खाली सही करणारी, खाणीच्या रस्त्यावरील वळणाच्या लाँड्रीची मालकीण, वयाने सत्तरी ओलांडलेली, धंदा कपडे धुणे, गावात ‘चादरबाई’ या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डॉक्टरांनी मला तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. तो वाचून माझा मुलगा हसला, म्हणून दाखला मुद्दाम सोबत जोडला आहे. मृत्युपत्रात नको ते लिहू नका, असे वकीलबाईंनी बजावले. मी म्हटलं, नको ते काढलं तर माझ्या आयुष्यातलं उरणार काय? तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि चहा मागितला.

१. माझे यजमान हयात नाहीत. मला एक मुलगा आहे. त्याचे केस पिकू लागले तरी घरात तो बाळच आहे. तो खाणीची गाडी चालवतो. त्याची बायको, म्हणजे सूनबाई, माझ्याबरोबर लाँड्री सांभाळते. एक लेक आहे, ती परगावी नर्स आहे. याखेरीज कोणी वारस म्हणून उभा राहिला, तर त्याला आधी एक गाठोडं धुवायला द्यावं.

२. बँकेतली शिल्लक लेकीला आणि मुलाला सारखी द्यावी. यावरून दोघांनी तोंडं फुगवू नयेत. लहानपणी पुष्कळ फुगवली आहेत.

३. आता चादर. ही चादर जुनी, जाड सुती आहे, आणि तिची किंमत कोणी करू नये. नव्या खाणीच्या आधी इथे एक ठेकेदार होता. लोखंडाची लाल माती उपसायचा आणि भरलेल्या गाड्या उघड्याच पळवायचा. मी पांढरे कपडे वाळत घालायचे आणि संध्याकाळी गुलाबी काढायचे. गिऱ्हाईक विचारायचं, ‘बाई, रंगवायचे वेगळे घेता का?’ धंदा बसायची वेळ आली होती. मग सरकारचं नवं धोरण आलं. खाण चालावी, पण गावाला विचारून. धूळ दाबावी, पाणी राखावं, खोदलेलं पुन्हा नीट करून द्यावं. ठेकेदाराने गाशा गुंडाळला, नवी कंपनी आली आणि शाळेच्या पटांगणात जनसुनावणी भरली.

तिथे अधिकाऱ्यांनी धूळ मोजायचं यंत्र दाखवलं. यंत्र चांगलं होतं, अजूनही चालू आहे. पण त्यातला आकडा गावात कोणाच्या ओळखीचा नव्हता. मी दोरीवरची चादर काढून नेली आणि त्यांच्या टेबलावर पसरली. म्हटलं, ‘साहेब, यंत्र तुमचं, चादर आमची. दोन्ही ठेवा. चादरीवर बोट फिरवलं आणि लाल आलं, तर रस्त्यावर पाणी मारेपर्यंत गाडी हलायची नाही.’ सगळे हसले. एक अधिकारी बाई मात्र हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून खाणीच्या परवान्यात अट आहे की, वळणावरच्या घरात राहणारी व्यक्ती रोज पांढरी चादर वाळत घालील आणि गाड्या थांबवण्याबाबत त्या दिवसापुरता तिचा शब्द अखेरचा राहील. परवान्याची नक्कल घरी आली तेव्हा यजमानांनी तिला इस्त्री केली. इतका आनंद त्यांना आमच्या लग्नातही झाला नव्हता, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले होते. ते नाही म्हणाले नाहीत.

४. यजमानांची कोळशाची इस्त्री लेकीला द्यावी. हिची कथा गावभर माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना मला हसू येतं. एका सकाळी चादरीवर डाग दिसले. मी तडक रस्त्यात जाऊन उभी राहिले. गाड्यांची रांग लागली, खाणीचे मॅनेजर, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, ते धावत आले. त्यांचं माझं असं जुंपलं की शेजारचे पीठगिरणीवालेही गिरणी बंद करून ऐकायला आले. टँकरने रस्ता धुतला, तरी डाग येतच राहिले. दुपारी बाळ म्हणाला, ‘आई, माती लाल आणि डाग काळे कसे?’ चादरीपलीकडे यजमान बसले होते, इस्त्रीतल्या निखाऱ्यांवर जोरजोरात पंखा मारत. साहेब तिथेच फतकल मारून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विजेची इस्त्री पाठवली. ती सूनबाईला द्यावी. यजमानांनी तिला शेवटपर्यंत हात लावला नाही. स्वाभिमानी माणूस होता, आणि मला त्यांची फार आठवण येते.

५. त्या जुन्या ठेकेदाराची एक पँट माझ्या ट्रंकेत आहे. तो जाताना घ्यायला विसरला. मी ती धुऊन, घडी करून ठेवली आहे, कारण राग असला तरी काम ते काम. त्याच्या घरचं कोणी आलं तर द्यावी. चार शब्द सुनवायचे होते, ते आता माफ.

६. दोरीचा पलीकडचा खांब त्यांच्या हद्दीत आहे, असं पीठगिरणीवाल्यांचं म्हणणं आहे. त्यांचं बरोबर आहे. मी जिवंत असेपर्यंत हे त्यांना कळू देऊ नये.

७. ठेकेदाराने टाकून दिलेला खड्डा नव्या कंपनीने अटीप्रमाणे उताराचा केला, कडेने झाडं लावली. आता त्यात पाणी राहतं आणि पोरं पोहतात. काठावरची सावलीतली बाकं मी साहेबांच्या मागे लागून बसवून घेतली आहेत. तिथे कोणी माझं नाव घालू नये. त्या पाण्यात साबण मात्र कोणी नेऊ नये, हे मी कपडे धुणारी बाई सांगते आहे.

८. राहिलं घर, अंगण आणि दोरी. हे कलम आज सकाळपर्यंत कोरं होतं, ते का, ते सांगते. कंपनीला हे घर हवं आहे. त्यांनी सरळ विचारलं, भावही चांगला दिला. बाळची इच्छा आहे की विकावं आणि मोठ्या घरात जावं. चादर कंपनीच्या फाटकावर रोज लावू, असं साहेबांनी मनापासून सांगितलं. साहेब माणूस सोन्यासारखा आहे. पण खाणीची धूळ खाणीनेच तपासायची, हे माझ्या मनाला पटेना. घर सूनबाईला द्यावं, तर दुसरी काळजी. गाड्या आजवर मीच अडवल्या. माझ्यामागे ही आपल्या नवऱ्याची गाडी अडवील का? अडली की त्याची खेप बुडते आणि घरात दोन दिवस अबोला. तिच्या जागी मी असते तर मलाही जड गेलं असतं.

आज सगळे सहीसाठी जमले होते. डॉक्टर आणि साहेब साक्षीदार म्हणून आले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे वकीलबाईंनी सांगितल्यावर साहेब म्हणाले, ‘म्हणजे कोळशाची इस्त्रीही नाही?’ इतक्यात सूनबाई दारात आली. तिचं बोट लाल होतं.

मी म्हटलं, ‘आज राहू दे गं. साहेब घरात बसलेत, सह्या व्हायच्यात.’

ती म्हणाली, ‘साहेब घरात आहेत, पण धूळ दोरीवर आहे, आई. गाडी थांबवलीय मी.’

‘कोणाची?’

‘यांचीच. पुढे तीच होती.’

आणि ती परत रस्त्यात जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे खिडकीशी गेलो. बाळ गाडीतून वाकून ओरडत होता, ‘अगं, खेप जाईल माझी! बायको आहेस की चेकनाका?’

‘घरात बायको. इथे चादर.’

ती जागची हलली नाही. साहेबांनी फोन करून टँकर बोलावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘घर काही आम्हाला मिळत नाही, असं दिसतंय.’ मी म्हटलं, बरोबर दिसतंय. रस्ता भिजला, सूनबाई बाजूला झाली, आणि गाडी पुढे घेताना बाळ हसत होता. त्याने ते लपवायचा प्रयत्न केला, पण मी त्याची आई आहे.

सबब घर, अंगण, दोरी आणि चादर मी सूनबाईला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. बाळने तिथे तिच्यासोबत सुखाने राहावं. घर विकू नये अशी अट मला घालायची होती. वकीलबाई म्हणाल्या, अशी अट कायद्यात टिकत नाही. सकाळी याचं मला वाईट वाटलं होतं. आता ती अट मला नकोच आहे.

‘राहू दे’ असं मी म्हणाले, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि दाखला परत घेऊ का म्हणून विचारलं. घेऊ नये.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मी जाईन त्या दिवशी माझ्यासाठी खाण बंद ठेवू नये. रोजच्यासारखी चादर दोरीवर घालावी. तिच्यावर लाल आलं, तर मात्र एकही गाडी सोडू नये, मग माझ्यासाठी आलेल्यांचा खोळंबा झाला तरी चालेल.

लिहून ठेवणार : वळणावरची चादरबाई (सही)

साक्षीदार :
१. दवाखान्याचे डॉक्टर (सही). बाई शुद्धीत आहेत. सूनही आहे.
२. खाणीचे मॅनेजर (सही). सही रस्ता भिजल्यावर, गाडी सुटल्यानंतर केली.

ठिकाण : वळणावरच्या घराची पुढची खोली
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे, बाळची गाडी त्याच्या बायकोने पहिल्यांदा अडवली तो दिवस