तीन फ्लॅश आणि काकांची खुर्ची

प्रिय सत्यशीला,

आज इतकी वैतागलेय की स्टुडिओचं शटर अर्धं ओढून थेट तुला लिहायला बसले. पोर्ट्रेटसाठी नवीन तीन फ्लॅश घेतलेत, कॅमेऱ्यापासून लांब स्टँडवर लावायचे. ऑटोवर ठेवले की नुसता छळ. समोर पांढरा पटका दिसला की उजेड कमी, चेहरा काळाठिक्कर; काळं लुगडं दिसलं की उजेड भसाभस. एका फोटोसारखा दुसरा येईल तर शपथ!

आणि आज धावड्याहून तुझे आईवडील आले, जोडीनं फोटो काढायला. मल्हारीकाकांचा पांढराशुभ्र पटका, जयवंताकाकूंचं काळं लुगडं. दोन्ही दुखणी एकदम. शेवटी ऑटो सोडलं, सगळे फ्लॅश मॅन्युअल केले. आधी समोरचा एकटाच लावला, चेहरे नीट दिसेपर्यंत पॉवर कमीजास्त केली. मग बाजूचा, अगदी मंद, सावली मऊ व्हावी एवढाच. मागचा लावला तर पटका चुन्यासारखा फटफटीत. त्याची पॉवर पार तळाला नेली, तेव्हा कुठे घड्या दिसल्या.

सगळं जुळलं, अन् काकांनी खुर्ची सरकवली. काकूंपासून चांगली हातभर. मॅन्युअलमध्ये माणूस जागचा हलला की उजेड बिघडलाच, फ्लॅश आपणहून काही सांभाळून घेत नाही. मी खुर्ची जागेवर आणली, त्यांनी परत सरकवली. मी परत पॉवर बसवायची, त्यांनी परत सरकायचं. अखेर ओरडलेच, "काका, काकूंशी भांडून आलात का?"

काकूच म्हणाल्या, "भांडण न्हाई गं. मधी सत्यशीलाची जागा ठेवून राह्यले ते."

काका उठले, पटका सारखा करत म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. आज न्हाई जमायचं." फोटो न काढताच दोघं एसटी स्टँडकडे गेली.

फोनवर घरचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. तुझ्या लग्नाच्या वेळी काका तुला काय काय बोलले, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यांची बाजू घेत नाही. तुला बोलाव असं ते म्हणाले नाहीत, म्हणणारही नाहीत. मीच म्हणतेय, ये. त्यांनी जागा तुझ्या एकटीपुरतीच सोडली होती, तरी जावयाला घेऊनच ये. काकांची खुर्ची आणखी थोडी मी सरकवीन. तिन्ही फ्लॅश परत बसवावे लागले तरी बेहत्तर.

तुझ्यावरही तितकीच चिडलेली, तरी तुझीच,
फलक