शेड रिकामी होताना

काष्टी, ता. ९ जानेवारी २०२५

चि. अश्विनी हीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहितो. मागच्या बॅचच्या कोंबड्या दिसायला धडधाकट, वजनाला भरदार. पण व्यापारी तक्रार घेऊन आला. छातीचे मांस लाकडासारखे कडक लागते, वर पांढऱ्या रेघा दिसतात. पुन्हा असे झाले तर माल उचलणार नाही म्हणतो. मग शेड बंदच करावी लागेल. तू नागपूरला ह्याचेच शिकतेस, तर पाण्यातून काय औषध द्यावे ते कळव. शेजारची गोजरबाई म्हणते, पोरगी कोंबड्यांची डाक्टर झाली, बापाची कवा हुनार. मी हसण्यावारी नेले.

वेळेवर जेवत जा.

तुझा,
बाबा

नागपूर, ता. १८ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

हा काही साथीचा रोग नाही, त्याला औषधही नाही. या जातीचे मांस इतक्या झपाट्याने वाढते की रक्तवाहिन्या मागे पडतात. छातीला प्राणवायू पुरत नाही, साखर आणि चरबी नीट वापरली जात नाही. मग स्नायूंचे धागे मरतात आणि त्यांच्या जागी चरबी नि चिवट तंतू भरतात. वजन जास्त, तसा त्रास जास्त. म्हणून पक्षी वेळेवर द्यायचे.

टेम्पोवाल्या सुनीलदादाचा फोन आला होता. तुम्ही दोनदा गाडी दारातून परत पाठवलीत, भाव वाढेल म्हणालात. भाव तर उतरत होता. बाबा, आई गेल्यापासून शेड रिकामी झाली की तुम्हाला घर खायला उठते. म्हणून तुम्ही पक्षी ठेवून घेता. मी रागावले नाही, मला वाईट वाटले. पुढची बॅच मात्र द्याच. तेव्हा यायला रजा मागते, पण मिळेलच असे नाही.

गोजरमावशींना नमस्कार. त्या बोलतात ते मायेनेच, मनावर घेऊ नका.

तुमची,
अश्विनी

काष्टी, ता. ९ मार्च

चि. अश्विनीस आशीर्वाद.

पक्षी वेळेवर दिले. छाती मऊ निघाली, व्यापारी खूश आहे. शेड झाडून चुना मारला. आज पहाटे सवयीने बादली घेऊन गेलो आणि दारातून परत आलो. गोजरबाई लेकीकडे गेली आहे, त्यामुळे दिवसभर कोणाशी बोलणे नाही. तू लिहिलेस ते खरे आहे, मला एकट्याला करमत नाही.

रजेचे तू काही कळवले नाहीस. व्यापारी विचारतो, नवी पिल्ले कधी आणू. तू येणार असशील तर त्याला पंधरा दिवस थांब म्हणतो. नसशील तर चुना वाळला की आण म्हणून सांगतो.

तेवढे कळव.

बाबा